हांकेला ओ

भंडारा जिल्ह्यांतील चिखला हें नांव आमच्या पुष्कळशा वाचकांच्या कानांवरून गेलेलें नसेल. परंतु ज्या घरांत पोलादाची विळी, सुरी किंवा कात्री आहे, त्या घराचा चिखल्यासारख्या गांवांशीं संबंध आहेच. मँगनीजवांचून आजचें पोलाद तयार होत नाहीं, आणि तुमसर तालुक्यांतील हें गांव प्रसिद्ध आहे तें मँगनीजच्या खाणीमुळें. या प्रदेशांत मँगनीजचें खाणकाम विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलें आहे. फर्मर नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतील मँगनीजवर लिहिलेला मोठा ग्रंथ इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त तामडा आणि गारगोटी यांच्या मिश्रणानें बनलेल्या येथील खडकास त्यानेंच या मुलुखांतील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. चिखल्याची खाण आज मॉइल या सरकारी कंपनीकडे असून तेथें जमिनीच्या पोटांत शिरून काम चालतें.

आमच्या लेखाचा विषय मात्र खनिज नव्हे. या भागांत जमिनीवर धानाच्या बांध्या आहेत, रानांत ऐनाच्या झाडांवर कोसा होतो, आणि जमिनीखालीं माणसें खडक फोडीत असतात. या तिन्ही ठिकाणीं, वरवर पाहतां एकमेकांशीं कांहींही संबंध नसलेली, परंतु मुळांत एकच असलेली एक गोष्ट घडत असते. सजीव पदार्थाला भोंवतालच्या सृष्टींतून कोणती तरी हांक येते, आणि तो त्या हांकेला ओ देऊन हलतो. ही हांक म्हणजे काय, ती ऐकतो कोण, आणि तिला ओ देण्यांत जीवाचें नेहमीं हितच होतें काय, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

भाद्रपदाच्या अखेरीस आमचें एकदां त्या बाजूस जाणें झालें. आदल्या रात्रीं जोराचा वारा व पाऊस होऊन गेला होता, आणि रस्त्यालगतच्या एका बांधींतील धान पार आडवें झालें होतें. तें पाहून आम्ही हळहळलों, पण बांधावर उभा असलेला शेतकरी हंसून म्हणाला, “कांही नाही होत जी. अजून कवळं हाये. दोन-तीन रोजांत उठते.” आणि खरोखरच, परत येतांना पाहिलें तों त्या आडव्या काड्यांचीं टोंकें पुन्हां आकाशाकडे वळलेलीं होतीं. काडी सबंध सरळ झाली नव्हती. ती पेऱ्यापाशीं वांकून वर गेली होती.

ही किमया अशी होते. धानाच्या पेऱ्यापाशीं ज्या पेशी असतात, त्यांपैकीं कांहींत पिठाचे जड कण असतात. काडी उभी असतांना हे कण पेशीच्या तळाशीं बसलेले असतात. काडी आडवी झाली कीं ते ओघळून नव्या तळाशीं, म्हणजे जमिनीकडील बाजूस, जाऊन बसतात. ‘खाली’ कोणती बाजू हें झाडाला कळतें तें अशा रीतीनें. मग ऑक्सिन नांवाचें वाढीचें द्रव्य त्या खालच्या बाजूस अधिक जमतें, तेथील पेशी लांबतात, आणि खालची बाजू लांब झाल्यामुळें काडी वर वळते. काडी पिकून कडक झाली म्हणजे ही शक्ति उरत नाहीं. म्हणूनच त्या शेतकऱ्यानें ‘अजून कवळं हाये’ एवढाच निर्वाळा दिला, आणि तो शास्त्रशुद्ध होता.

हाच प्रयोग घरांतील मुलांकडून सहज करवितां येतो. काचेच्या पेल्यांत आंतून ओलें फडकें बसवावें, आणि काच व फडकें यांच्या मध्यें भिजविलेले दोन-चार वाल ठेवावे. मोड बोटाच्या पेराएवढे लांब झाले म्हणजे पेला आडवा करून कपाटांत, काळोखांत ठेवावा. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों प्रत्येक मोडाचें टोंक काटकोनांत वळून पुन्हां खालीं निघालेलें असतें. मुळाच्या बाबतींत ऑक्सिनचा परिणाम उलट होतो. तें ज्या बाजूस अधिक, त्या बाजूची वाढ खुंटते. म्हणून काडी वर जाते आणि मूळ खालीं. द्रव्य एकच असून दोघांचे मार्ग भिन्न व्हावेत, यांत निसर्गाची मोठीच काटकसर आहे.

उजेडाच्या हांकेचेंही असेंच आहे. खिडकींतील तुळशीची कुंडी आठ दिवस फिरविली नाहीं, तर रोप बाहेरच्या बाजूस कलतें, हें आमच्या भगिनींस सांगावयास नकोच. चार्लस डार्विन व त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनीं गवताच्या कोंवळ्या अंकुरांवर जे प्रयोग केले, ते इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांनीं अंकुराच्या अगदीं टोंकावर अपारदर्शक टोपी चढविली, तेव्हां अंकुर उजेडाकडे वळेचना. टोंक उघडें ठेवून खालचा भाग झांकला, तर तो वळला. म्हणजे उजेड जाणणारें टोंक निराळें, आणि वळणारा भाग निराळा. एकत्र कुटुंबांत दारावरची हांक ओटीवर बसलेले आजोबा ऐकतात, आणि उठून जातो तो धाकटा नातू, त्यांतलाच हा प्रकार. टोंकाचा निरोप खालीं नेणारें द्रव्य वेंट या डच शास्त्रज्ञानें पुढें इ. स. १९२८ मध्यें प्रयोगानें सिद्ध केलें, तेंच ऑक्सिन.

झाड जागचें हलत नाहीं. त्याचें चालणें म्हणजे वाढणें. प्राण्यांस पाय आहेत, पंख आहेत. त्यांचा हांकेला ओ देण्याचा प्रकार अधिक ठळक दिसतो. भंडाऱ्याकडील कोसा वस्त्र आपल्या घरांतून सोंवळ्याच्या निमित्तानें परिचयाचें आहे. ज्या पतंगाच्या कोशापासून तें होतें, त्याची अळी ऐन, अर्जुन अशा झाडांचीं पानें खाते. कोशांतून मादी बाहेर पडली म्हणजे रात्रीं ती एका जागीं स्वस्थ बसून राहते आणि एक अत्यंत सूक्ष्म गंध वाऱ्यावर सोडते. नराच्या मिशा पिसांसारख्या रुंद असतात. त्या हा गंध गाळून घेण्याकरितांच होत. गंधाचा स्पर्श झाला कीं नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस उडूं लागतो. गंध तुटला कीं आडवा, डावीकडे-उजवीकडे घिरट्या घालतो, आणि पुन्हां गंधाची लकेर सांपडली कीं पुढें सरतो. मादी कोठें आहे हें त्याला ठाऊक नसतें. ‘गंध आला, वाऱ्याला तोंड दे, गंध गेला, आडवा शोध’ एवढीच त्याची विद्या, आणि तेवढ्यावर तो काळोखांतून बरोबर मुक्कामास पोंचतो.

तुतीच्या रेशमी पतंगाचें असें गंधद्रव्य ब्यूटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें इ. स. १९५९ मध्यें शोधून काढलें. त्यासाठीं त्याला सुमारें पांच लक्ष माद्या गोळा कराव्या लागल्या. त्या शोधापासून आरंभ झालेली विद्या आज विदर्भांतील शेतकऱ्यांच्या उपयोगी पडते. कपाशीच्या शेतांत काठीला टांगलेले ‘कामगंध सापळे’ आमच्यापैकीं अनेकांनीं पाहिले असतील. त्यांत बोंडअळीच्या मादीच्या गंधासारखें द्रव्य ठेवलेलें असतें. नर पतंग मोठ्या निष्ठेनें तेथें येतात आणि अडकून मरतात. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पतंगाच्या वागण्यांत कांहींच चूक नाहीं. त्यानें हजारों पिढ्यांची रीत तंतोतंत पाळली. हांकच खोटी होती, आणि खऱ्या-खोट्या हांकेंतील भेद ओळखण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. हा मुद्दा पुढें आपल्याला लागणार आहे.

तत्पूर्वीं आणखी लहान जीवांकडे वळूं. चिखल्याच्या नांवांत चिखल आहे. आणि कोणत्याही तलावाच्या वा बोडीच्या चिखलाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर त्यांत शेंकडों जंतु लगबगीनें पोहतांना दिसतात. एका जंतूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पट. पण तो एका सेकंदांत आपल्या लांबीच्या दहापट अंतर सहज कापतो. हा जंतु इतका लहान कीं त्याच्या डोक्याकडील बाजूस अन्न किती आणि शेपटाकडील बाजूस किती, यांतील फरक त्याला त्या क्षणीं जाणवणें कठीण. मग त्याला दिशा कळते कशी?

बर्ग आणि ब्राउन या अमेरिकन संशोधकांनीं इ. स. १९७२ मध्यें एकेका जंतूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून याचें उत्तर दिलें. आपल्या आंतड्यांत राहणारा जो जंतु त्यांनीं पाहिला, त्याच्या अंगावर मळसूत्राच्या आकाराचे केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या मुळाशीं सेकंदास शंभराहून अधिक फेरे घेणारें यंत्र असतें. सर्व केस एका बाजूस फिरले कीं त्यांची जुडी बनते आणि जंतु सरळ पोहतो. कांहीं केस उलट फिरले कीं जुडी सुटते, जंतु जागच्या जागीं कोलांटी खातो, आणि मग कोणत्या तरी नव्याच दिशेस तोंड करून निघतो. सरळ धांव सुमारें एक सेकंद, कोलांटी त्याच्या दशांश. ही धांव चालू असतां तो ‘मघापेक्षां आतां बरें आहे कीं वाईट?’ एवढेंच पडताळीत असतो. बरें असेल तर कोलांटी लांबणीवर टाकतो. अंधाऱ्या वाड्यांत तुपाच्या फोडणीच्या वासावरून माजघर शोधणारा पाहुणा असेंच करील; दोन पावलें जाऊन वास वाढला कां पाहील, वाढला तर तसाच पुढें जाईल, नाहीं तर वळेल. ज्याला मेंदु नाहीं, मज्जातंतु नाहीं, अशा जीवालाही क्षणभराची स्मृति आहे, हें वाचून कोणाला आश्चर्य वाटणार नाहीं?

आतां आपल्या स्वतःच्या शरीराकडे वळूं; कारण ज्या हांकेविषयीं आम्ही लिहीत आहों, ती आपल्या रक्तांतही रात्रंदिवस चालू असते. इ. स. १८८२ मध्यें मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ इटलींतील मेस्सिना येथें राहत होता. एके दिवशीं घरची मंडळी सर्कस पाहावयास गेलीं असतां तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशीं बसून ताराकृति सागरी प्राण्याच्या पारदर्शक अळ्यांमधील हिंडत्या पेशी न्याहाळीत होता. या पेशी शरीराचें रक्षण तर करीत नसतील, असा विचार त्याच्या मनांत चमकला. त्यानें बागेंतून कांटे आणून अळ्यांच्या अंगांत टोंचले, आणि रात्र कशीबशी काढून सकाळीं पाहिलें, तों कांट्यांभोंवतीं त्या पेशींचा गराडा पडलेला होता. या कल्पनेवर त्यानें पुढें आयुष्यभर काम केलें, आणि इ. स. १९०८ मध्यें त्याला एर्लिश याच्या जोडीनें नोबेल पारितोषिक मिळालें.

मुलाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडतो, दुसऱ्या दिवशीं तेथें ठणका लागतो, आणि मग पू धरतो, तेव्हां हीच गोष्ट घडत असते. दुखावलेल्या पेशी व आंत शिरलेले जंतु यांच्यापासून कांहीं द्रव्यें पाझरतात, तीच हांक. रक्तांतून वाहणारी पांढरी पेशी ती ऐकून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, भिंतीच्या सांध्यांतून अंग चोरून बाहेर येते, आणि सरपटत त्या दिशेस जाते. जंतूपेक्षां ती पुष्कळ मोठी असल्यामुळें तिला मागचें आठवीत बसावें लागत नाहीं; आपल्या दोन टोंकांशीं येणाऱ्या हांकेंतील फरक ती एकाच वेळीं जाणूं शकते. ज्या बाजूस हांक अधिक, त्या बाजूस ती आपलें अंग पुढें ढकलते आणि मागचा भाग ओढून घेते. मिनिटास मिलिमीटरचा शंभरावा भाग, असा कांहींसा तिचा वेग. तरीही ती वेळेवर पोंचते, जंतु गिळते, आणि बहुधा तेथेंच मरते. जखमेंतला पू म्हणजे मुख्यतः अशा कामास आलेल्या पेशींचा ढीग होय. तो पाहून आपण नाक मुरडतों. वास्तविक त्याविषयीं थोडी कृतज्ञता बाळगावयास हवी.

परंतु ही स्वामिनिष्ठ पेशी पतंगाप्रमाणेंच फसूं शकते, आणि याचें सर्वांत करुण उदाहरण खडक फोडणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांत सांपडतें. गोंडाइटमध्यें गारगोटी असते हें वर सांगितलेंच आहे. गारगोटी असलेला कोणताही खडक कोरडा भोंसकला, फोडला किंवा कापला म्हणजे तिची धूळ उडते. या धुळीचे मोठे कण नाकांत व श्वासनलिकेंत अडकतात, आणि शिंकेबरोबर वा खोकल्याबरोबर बाहेर पडतात. पण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असे कण फुफ्फुसाच्या अगदीं शेवटच्या वायुकोशापर्यंत जातात. तेथें पहाऱ्यावर असलेली भक्षक पेशी कणाकडे सरपटत जाते आणि शिरस्त्याप्रमाणें त्याला गिळते. जंतु असता तर तो तिच्या पोटांतील पाचक रसांनीं विरघळला असता. गारगोटी विरघळत नाहीं. उलट तिच्यामुळें पेशीच्या पोटांतील ती पिशवीच फुटते आणि पेशी मरते. मरतांना ती पुन्हां हांक मारते. दुसरी पेशी धांवते, तोच मोकळा झालेला कण गिळते, आणि तीही मरते. ही माळ थांबत नाहीं. शेवटीं शरीर त्या जागीं कठीण तंतूंची गांठ बांधून टाकतें. अशा गांठी वाढत गेल्या कीं फुफ्फुस ताठ होतें, आणि माणसाला चार पायऱ्या चढणें जड जातें. हाच सिलिकोसिस. तो एकदां जडला म्हणजे बरा करणारें औषध नाहीं. काम सोडल्यावरही तो वाढूं शकतो, आणि अशा फुफ्फुसांत क्षयाचा शिरकाव लवकर होतो.

हा रोग खाणींपुरताच नाहीं. मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत तो भयंकर प्रमाणांत आढळला होता. ज्या पेन्सिलीनें आपल्या घरांतील मुलांनीं श्रीगणेशा गिरविला, तिची धूळ कोणाच्या तरी फुफ्फुसांत साठत होती, हें आठवलें कीं मन खिन्न होतें. मँगनीजच्या धुळीचा दोष आणखी निराळा. ती वर्षानुवर्षें फार प्रमाणांत श्वासावाटे गेली, तर मेंदूच्या हालचालींचें नियमन करणाऱ्या भागास इजा होते. इ. स. १८३७ मध्यें कूपर या वैद्यानें स्कॉटलंडमध्यें मँगनीजचा दगड दळणाऱ्या मजुरांची चालच बिघडल्याचें नमूद केलें होतें. शरीरांतल्या हालचालीची विद्या आम्ही सांगत आहों, आणि माणसाचें चालणेंच ज्यानें हिरावलें जातें असाही धंदा त्या विद्येच्या कक्षेंत येतो.

वाचक विचारतील, मग उपाय काय? उपाय पेशीपाशीं नाहीं, तो आपल्यापाशीं आहे. धानाच्या काडीपासून पांढऱ्या पेशीपर्यंत प्रत्येक जीव आलेल्या हांकेला ओ देतो. ती हांक खरी कीं खोटी हें तपासण्याची शक्ति माणसाच्या बुद्धीला आहे, त्याच्या फुफ्फुसांतील पेशीला नाहीं. म्हणून धूळ पेशीपर्यंत पोंचूंच न देणें हें एकच खरें औषध होय, आणि तें मुळींच अवघड नाहीं. खडक भोंसकतांना पाण्याची धार सोडावी, म्हणजे धूळ उडण्याऐवजीं चिखल होऊन खालीं बसते. खाणींत ताजी हवा खेळती ठेवावी. आणि योग्य मुखाच्छादन द्यावें. आपल्या देशांत धातूंच्या खाणींकरितां इ. स. १९६१ मध्यें जे नियम झाले, त्यांत धूळ दाबण्याची तरतूद आहे. नियम आहे तेथें तो पाळला जातो किंवा नाहीं हें पाहणें हें खाण चालविणारांचें व देखरेख करणारांचें काम.

परंतु एक काम आमच्या वाचकांच्या हातचें आहे. घराची डागडुजी निघते, ओटीवर किंवा स्वयंपाकघरांत ग्रॅनाइटची फरशी बसवावयाची असते, आणि अंगणांत एखादा तरुण मजूर तोंडाला नुसता रुमाल बांधून यंत्रानें ती कोरडीच कापीत बसतो. पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. आपण खिडक्या लावून घेतों, मुलांना आंत बोलावितों, आणि तो तेथेंच बसलेला असतो. इतकी बारीक धूळ रुमालानें अडत नाहीं. अशा वेळीं घरांतील कोणीही, वडील माणसानें वा शाळकरी मुलानें, पाण्याची बादली व तांब्या त्याच्यापाशीं नेऊन ठेवावा, पात्यावर पाण्याची धार धरण्यास दुसरें माणूस लावावें, आणि वीज व पाणी एकत्र येत असल्यानें यंत्र त्या कामाजोगें आहे ना हें ठेकेदारास आधींच विचारून घ्यावें. काम थोडें सावकाश होईल, अंगणांत राड होईल; ती दुसऱ्या दिवशीं धुवून काढतां येते.